एका सीटचं प्लास्टिक

नवी गाडी दारात उभी राहून नऊ दिवस झाले होते. एवढ्यात घरातल्या प्रत्येकाचं तिच्याबद्दल एकेक ठाम मत झालं होतं. फक्त दादाचं नव्हतं, कारण दादा अजून तिच्यात बसलाच नव्हता.

आईचं मत असं, की गाडी स्वभावानं गरीब आहे, फक्त उंच आहे. चढायला आईला स्टूल लागायचं. स्वयंपाकघरातलं ते स्टूल आता गाडीतच मुक्कामाला गेलं होतं, आणि वरच्या फळीवरच्या डब्यांना नऊ दिवसांत कुणाचा हात लागला नव्हता. चिमीनं, म्हणजे दादाच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीनं, आजीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "आजी, ही गाडी आपलं बोलणं ऐकते हं." तेव्हापासून आईनं गाडीत कुणाची निंदा करणं सोडलं होतं. देवासमोर जे साठ वर्षांत साधलं नाही ते डिझेलच्या गाडीनं साधलं, असं ती स्वतःच हसत हसत सांगायची.

जावई भूमिती शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. ते कोनमापक घेऊनच गाडीत बसायचे. "कंपनी म्हणते, पस्तीस अंशांचा चढ चढते. मी स्वतः सव्वीसपर्यंत मोजला. पुढं डोळे मिटून घेतले, त्यामुळे पुढचं मला सांगता येणार नाही."

आणि वहिनीचं मत सगळ्यांत साधं होतं. "हिच्यात ओरडायची गरज नाही, हे कुणीतरी या घराला समजावून सांगा."

कारण जुनी जीप, जिला घरात 'म्हातारी' म्हणत, तिच्यात शेजारच्याशी बोलायचं तरी बेंबीच्या देठापासून बोलावं लागायचं. बावीस वर्षं हे घर जीपमध्ये ओरडत आलं होतं. आता नवी गाडी काचा लावल्यावर अशी गप्प व्हायची की घड्याळाची टिकटिक ऐकू यावी, आणि त्या शांततेत मास्तर गरजायचे, "आई, खिडकी उघडू काऽऽ?"

आई तितक्याच मोठ्यानं, "नकोऽऽ!"

सवयी तरी किती! म्हातारीचा स्टार्टर कधीचाच गेलेला. ती ढकलल्याशिवाय सुरू व्हायची नाही, म्हणून तिला नेहमी उतारावर, नाक खाली करून उभी करायचे. नवी गाडी पहिल्या दिवशी आली तीही आपोआप गल्लीच्या उतारावर, नाक खाली करूनच उभी राहिली. मागं बघायला कॅमेरा होता, तरी रिव्हर्स घेताना चिमी मागं उभी राहून "येऊ दे, येऊ दे" करायची. मागच्या डिकीत पाण्याचे दोन कॅन, हातोडी आणि चाकाखाली लावायचा दगड. दगड जुनाच, म्हातारीचा. तो भंगारात द्यायचं कुणाला सुचलं नव्हतं.

दुखणं तिथंच होतं.

जीप भंगारात गेली त्या दिवशी दादा घरी नव्हता. त्याचं डिझेल इंजिनांचं गॅरेज. सगळ्या पंचक्रोशीचे पंप, ट्रॅक्टर, ट्रक त्याच्या हाताखालून गेलेले. म्हातारीचा पाण्याचा पंप गळत होता, त्याचा भाग कुठं मिळेना, म्हणून तो मोटरसायकलवरून तीन गावं पालथी घालून आला. भाग मिळाला. खिशात घालून, शीळ वाजवत घरी आला, तर जिथं म्हातारी उभी असायची तिथं जमिनीवर फक्त तेलाचा काळा डाग, आणि त्याच्या शेजारी चकचकीत नवी गाडी. बाजूला विक्रेता उभा, किल्ली देताना बोलत होता, "तीन वर्षं बॉनेटला हात लावायचा नाही. जे काय असेल ते आमच्याच वर्कशॉपमध्ये. बाहेरच्या मेकॅनिकनं उघडलं की वॉरंटी गेली."

बाहेरचा मेकॅनिक! दादानं खिशातला भाग खिशातच ठेवला, "छान आहे" म्हणाला आणि आत गेला. त्यानंतर तो गाडीत बसला नाही.

हे सगळं केलं होतं त्याच्या धाकट्या बहिणीनं. ती मास्तरांची बायको, गुरांची डॉक्टर. डोंगरातल्या वस्त्यांवर रोज जायचं, म्हणून गाडी तिनं घेतली. घरात सगळे तिला डॉक्टर म्हणत, दादा तेवढा 'छोटी' म्हणायचा. नऊ दिवसांत त्यानं 'छोटी' म्हटलं नव्हतं. 'डॉक्टर' म्हणत होता.

*

रविवारी सकाळी मामाकडं जायचं ठरलं. आईचा हा धाकटा भाऊ नदीपलीकडं राहतो, मधमाश्या पाळतो. नदीवर पूल नाही, पाण्यातूनच वाट आहे. तीन वर्षांमागं त्या पाण्यात म्हातारी बसली आणि तेव्हापासून बहीणभावांची भेट फोनवरच राहिली होती.

वहिनीनं डबे बांधता बांधता बघितलं, नवरा अंगणात वर्तमानपत्र वाचत बसला होता. गेले सहा दिवस तो वर्तमानपत्र फार वाचायला लागला होता. दुपारी जेवण झालं की वर्तमानपत्र. शिलाई मशीनवर अर्धं आयुष्य काढलेली बाई ती. कापडाच्या आत अस्तर कुठलं आहे ते तिला वरून कळतं. वर्तमानपत्राच्या आत गाडीबरोबर आलेलं जाडजूड माहितीपुस्तक होतं. गाडीच्या खणातून ते तिसऱ्या दिवशीच गायब झालं होतं, आणि मास्तर ते सगळीकडं शोधत होते. वहिनी कुणाला काही बोलली नव्हती.

"येताय ना?" तिनं विचारलं.

"कुठं?"

"मामांकडं. सगळं घर चाललंय."

"मला काम आहे." मग जरा थांबून, "त्याच बाजूला आहे काम. मोटरसायकलवरून जाईन मी. मागनं."

"पाण्यातून मोटरसायकल जाईल?"

"माझं काम पाण्याच्या अलीकडं आहे."

"कसलं काम?"

"आहे एक," दादा म्हणाला आणि पान उलटलं. वर्तमानपत्राचं नव्हे.

नऊ दिवसांत गाडी जिथं जिथं गेली, तिथं तिथं दादाला त्याच बाजूला काम निघालं होतं. डॉक्टर वासराला बघायला डोंगरात गेली, दादा मागं. मास्तर आईला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले, दादा मागं. शंभर पावलांचं अंतर राखून, हत्यारांची पिशवी मागं बांधून.

बाहेर बसायची धांदल उडाली. आई स्टुलावर चढून पुढं बसली. वहिनी आणि चिमी मधल्या रांगेत. मास्तर दार उघडून मधल्या डाव्या सीटवर टेकणार, तोच डॉक्टर ओरडली, "तिथं नाही!"

बाकी सगळ्या सीटांचं प्लास्टिक दुसऱ्याच दिवशी चिमीनं ओरबाडून काढलं होतं. या एका सीटवर ते तसंच होतं, आणि त्यावर औषधांची पेटी.

"अगं, पेटी मांडीवर घेतो मी."

"पेटीला हादरे बसतात. तुम्ही मागं बसा."

सहा फुटांचे मास्तर मागच्या बारक्या सीटवर, गुडघे हनुवटीला लावून बसले. "मी हादरलो तर चालतं! गुडघ्यांचा लघुकोन झालाय बघ," ते म्हणाले. "आणि पेटी बसलीये काटकोनात, खिडकीशी, हवा खात."

"पेटीला वॉरंटी आहे," आई म्हणाली. सगळी गाडी हसली. डॉक्टरही हसली, पण आरशातून तिनं मागं बघितलं. शंभर पावलांवर मोटरसायकल सुरू होत होती.

*

रस्ता संपला आणि दगडगोट्यांची वाट लागली, तशी सगळ्यांच्या अंगात मस्ती आली. गाडी डुलायला लागली. डावं चाक वर, उजवं खाली, मग उलट. म्हातारीत अशा वाटेवर डोकं टपाला आपटायचं. इथं नुसतं पाळण्यात बसल्यासारखं. आईनं तिचं देवाचं गाणं सुरू केलं आणि खड्ड्याच्या तालावर टाळ्या वाजवायला लागली. गाणं तिचं असं, की देव सगळ्या जगाला आपल्या खांद्यावर घेऊन चालतो, आणि आपल्याला वाटतं आपणच चालतोय. मोठा खड्डा आला की ती ओळ दोनदा म्हणायची.

"एकोणीऽऽस अंश!" मागून मास्तर.

"ओरडू नका हो, पुढ्यातच आहे मी," वहिनी.

"आत्या, पडद्यावर बघ, चारही चाकांचं चित्र आलंय!"

"चाकं चार आहेत ना, मग बास."

हसण्याच्या गडबडीत नदी आली. वाट उताराला लागून थेट पाण्यात शिरत होती, आणि पलीकडच्या काठावर पांढरी टोपी हलवत मामा उभा. भावाला बघून आईचं गाणं थांबलं. तीन वर्षांत तो बराच वाळला होता, इथूनही दिसत होतं.

डॉक्टरनं पाण्याच्या अलीकडं गाडी थांबवली. पाण्यात शिरण्याआधी छोटा दांडा मागं ओढायचा, म्हणजे गाडी अगदी हळू, पण दांडगट ताकदीनं चालते. तिनं दांडा ओढला. आता निघायचं. पण मामाची टोपी, आईचे भरलेले डोळे, आणि आरशात उतारावर थांबलेली मोटरसायकल, असं तिन्ही एकदम बघताना तिचा डावा पाय क्लचवरून सुटला. गाडीनं एक आचका दिला आणि बंद पडली.

तिनं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. तेवढ्यात समोर पडद्यावर अक्षरं आली: 'सुरू करण्यासाठी क्लच दाबा.'

आता गंमत बघा. दुसऱ्या कुठल्याही घरात कुणीतरी विचारलं असतं, काय झालं? या घरात कुणी विचारलं नाही. गाडी बंद पडली म्हणजे खाली उतरायचं, हे बावीस वर्षं हाडात भिनलेलं. डॉक्टरनं मान वर करेपर्यंत दारं उघडली होती, मंडळी खाली होती आणि आपापल्या जागी उभी होती. वहिनी मागं डाव्या कोपऱ्याला, पदर खोचून. मास्तर उजव्या कोपऱ्याला, कोनमापक दातात धरून. चिमी त्यांच्या शेजारी, बाह्या सारून. आई कधी उतरायची नाही. तिचं काम पुढं बसून आकडे म्हणायचं.

मधली जागा मोकळी होती. मागच्या दाराला टांगलेल्या जास्तीच्या चाकासमोरची. ती दादाची.

डॉक्टरनं आरशात बघितलं. उतारावर मोटरसायकल आडवी पडली होती आणि दादा धावत येत होता. हत्यारांची पिशवी न घेता. चाळिशी ओलांडलेला माणूस, चपला हातात घेऊन, बावीस वर्षं धावला तसाच.

तिनं पडद्यावर हात ठेवला.

पण आईला चष्मा नवा लागला होता. "बघू, काय लिहिलंय ते?"

"काही नाही आई."

"अक्षरं आहेत की."

डॉक्टर आईकडं बघेना. तिला हसू फुटत होतं. "गाडी म्हणतीये," ती म्हणाली, "ढकला."

आईनं तिच्या हाताकडं बघितलं. मग बाजूच्या आरशातून धावत येणाऱ्या लेकाकडं. मग चष्मा काढून पदरानं पुसला आणि मांडीवर ठेवला, आणि अख्ख्या खोऱ्यात ऐकू जाईल असं ओरडली, "हं! लावा रे खांदे! एऽऽक!"

*

दादानं खांदा चाकाला लावला आणि त्याला सगळं कळलं.

खरं तर धावतानाच कळलं होतं. बटण दाबून साधा खट्ट आवाजही येत नाही, याचा अर्थ एकच, पान सत्याऐंशी. बाईचा पाय क्लचवर नाही. पुढं जाऊन काचेवर टकटक करायची आणि तीन शब्द सांगायचे, एवढंच काम होतं. आणि पान एकशे चौदा त्याला तोंडपाठ होतं, ठळक अक्षरांत, चौकटीत: 'वाहन ढकलून सुरू करण्याचा प्रयत्न करू नये.'

"दोऽऽन!" पुढून आई.

डावीकडं बायको होती, तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला होता. उजवीकडं लेक. मास्तर कोनमापकातून फुरफुरत होते. नव्या रंगाचा वास येत होता, आणि त्याच्या गालाखालचं ते नवंकोरं चाक उन्हानं तापलं होतं.

त्यानं टकटक केली नाही. पाय रोवले.

"तीऽऽन!"

गाडी हलली. उतार होताच, ती आपणहून निघाली असती, पण चौघांनी तिला अशी ढकलली की जणू डोंगर हलवतायत. "हाय्या! आणखी! सोडू नका!" दादा ओरडत होता. नऊ दिवसांत त्याच्या तोंडून एवढा आवाज निघाला नव्हता. दहा पावलं, पंधरा पावलं, आणि मग इंजिन लागलं.

स्टार्टरवर लागलं. ढकलून नव्हे. मधे तो बारीकसा कुर्र आवाज आला, जो दादानं झोपेतही ओळखला असता. छोटीनं क्लच दाबून, सरळ बटणावर सुरू केली होती.

म्हणजे तिलाही माहीत होतं तर.

"लागली!" चिमी किंचाळली.

खिडकीतून डॉक्टरचं डोकं बाहेर आलं. "थांबवता येणार नाही! थांबली की बंद पडेल! चढा!"

म्हातारीच्या बाबतीत हे खरं असायचं. ही गाडी मात्र दांडा मागं ओढल्यामुळे माणसाच्या चालीपेक्षाही हळू चालली होती. तरी सगळे जीव खाऊन धावले. मास्तर एवढे धावले की गाडीच्या पुढं निघून गेले आणि त्यांना वळून परत यावं लागलं. वहिनी आणि चिमी उजव्या दारातून आत पडल्या, एकीवर एक, हसण्यानं पार लुळ्या. मास्तर मागच्या दारातून शिरले आणि आत जाऊन उलटे बसले.

शेवटचा नेहमी दादा. तो गाडीच्या डाव्या बाजूनं, तिच्याच चालीनं चालत होता. धावायची गरजच नव्हती. चाकं पाण्याला लागली. त्याच्या पावलांना गार पाणी लागलं. पुढच्या क्षणी एकतर थांबायचं, नाहीतर दार उघडायचं.

आतून वहिनीनं औषधांची पेटी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. डावं दार उघडं झालं.

दादानं चपला आत फेकल्या, पायरीवर पाय ठेवला आणि आत येऊन बसला. प्लास्टिक करकरलं.

गाडी पाण्यात उतरली. पाणी चाकांच्या मध्याशी आलं, मग वर आलं, दारांना चापट्या मारायला लागलं. आणि ती डुलत, गुरगुरत, न थांबता पुढं निघाली. जिथं म्हातारी बसली होती ती जागा कधी गेली कळलंसुद्धा नाही. आईनं पुन्हा गाणं धरलं होतं. पलीकडं मामा टोपी फेकून नाचत होता.

गाडीत सगळे एकदम बोलत होते, सगळे ओरडत होते, आणि या वेळी वहिनीही.

दादानं सीटवर हात फिरवला. "हे प्लास्टिक का ठेवलंय?"

वहिनीनं चिमीला कोपरानं गप्प केलं. डॉक्टर पाण्याकडं बघत गाडी चालवत होती. तिचे कान लाल झाले होते. "मला विचारायला हवं होतं, दादा," ती हळूच म्हणाली. नव्या गाडीत हळू बोललेलंही ऐकू येतं. "जीप द्यायच्या आधी."

दादानं खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. त्याबरोबर नऊ दिवस खिशात फिरलेला पंपाचा तो भागही बाहेर आला. त्यानं तो पुढं हात लांबवून, सगळ्यांना दिसेल असा समोरच्या काचेखाली ठेवला. मग प्लास्टिकला एक भोक पाडलं आणि लांबलचक, चरचर आवाज करत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडून काढलं. चिमीनं टाळ्या वाजवल्या.

"छोटे," तो म्हणाला.

डॉक्टरनं आरशात बघितलं.

"बंद कशी पडली गं?"

उत्तर आईनं दिलं. जिनं आयुष्यात खोटं बोलणाऱ्याला दारात उभं केलं नाही, तिनं समोर बघत, देवाचं नाव घेतल्यासारखं शांतपणे सांगितलं, "गाडीच म्हणाली, ढकला. मी स्वतः वाचलं."

"अस्सं." दादा टेकून बसला. ओले पाय त्यानं नव्याकोऱ्या मॅटवर ऐसपैस पसरले. "बरोबर आहे. पुस्तकातही तसंच दिलंय. पान एकशे चौदा."

"पुस्तक!" मागून मास्तर उलट्याचे सुलटे होत गरजले. "पुस्तक तुमच्याकडं आहेऽऽ?"